पुण्याचे पाहुणे विचारतात, माळव्यात किल्ले आहेतच कुठे?

रामबागची_सून

नमस्कार मंडळी. डिसेंबरात माझा मामेभाऊ सहकुटुंब इंदूरला येतोय. सोबत मामी पण आहे. भाऊ अट्टल गडवेडा. राजगड-तोरणा म्हणजे त्याला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन येण्यासारखं. फोनवर मी हौसेनं म्हटलं, "या खेपेला तुला आमचे किल्ले दाखवते," तर हसला की हो! म्हणे, "तुमच्याकडे किल्ले कुठे, महाल आहेत. मांडू म्हणजे लग्नाआधीचे फोटो काढायची जागा."

मला राग आला, पण तोंडावर फेकायला उत्तर सुचेना. शाळेच्या सहलीत जहाज महाल पाहिलाय, महेश्वरला साड्यांसाठी जाते, बाकी शून्य.

तर शुक्रवार ते रविवार, गाडी घरची, मामीचे गुडघे दुखतात. ग्वाल्हेर या खेपेला जमणार नाही, लांब पडतं. इंदूरहून काय दाखवू की हा गप्प बसेल?

पोहेजलेबी

किल्ला मैदान दाखव. तिथे किल्ला शोधण्यातच शुक्रवार संपेल.

भियाजी

हाहाहा. आणि रात्री सराफ्यातली खाऊगल्ली. त्या गर्दीतून भुट्ट्याचा कीस हातात घेऊन न सांडता बाहेर पडायला गनिमी कावाच लागतो भिया.

दुर्गवेडा

ताई, रागावू नका, पण तुमचा भाऊ अगदीच चुकीचं बोलला नाही. आमच्याकडे सह्याद्रीनं अर्धं काम करून ठेवलंय. ताशीव कडा, वर माची, त्यावर बालेकिल्ला, एखादा चोरदरवाजा, खडकात खोदलेली टाकी. पाच-पन्नास माणसं वर बसली तर खाली फौज ताटकळते. मांडू बघितलंय मी. सुंदर आहे, वादच नाही. पण भिंत घातलेलं शहर आहे ते. त्या तटाचा घेर चाळीस किलोमीटरच्या आसपास जातो. एवढा तट लढवायला माणसं आणणार कुठून? होशंगशहापासून पुढच्या सुलतानांनी राजधानी सजवली, गड नाही बांधला.

लष्करच्या_काकू

"ग्वाल्हेर या खेपेला जमणार नाही" हे वाक्य वाचूनच मी चहाचा कप खाली ठेवला. अगं, मग किल्ल्यांचा धागा काढलास कशाला?

आमच्या लष्करातून, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून, मान वर केली की किल्ला दिसतो. दगडी डोंगर, गावापासून तीनेकशे फूट सरळ उभा, आणि लांबी अडीच-तीन किलोमीटर. वर मानसिंह तोमरांचा महाल, त्यावर निळ्या-पिवळ्या फरशीतली बदकं आणि हत्ती. उरवाई दरवाजाकडून चढलात तर कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती. चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा लेख आहे, त्यात २७० आकडा लिहिताना शून्य आजच्यासारखंच गोल काढलंय. आणि दुर्गवेडा साहेब, पाणी! सूरज कुंड, जौहर कुंड, एक खंबा ताल. एवढं पाणी वर असलेला गड दाखवा, मग माचीबिची बोला.

दुर्गवेडा

काकू, ग्वाल्हेरला माझा दंडवत. पण १७८० च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन पॉपहॅमनं एका रात्रीत शिड्या लावून घेतलाच ना? शिपायांच्या पायांत कापूस भरलेले जोडे, आवाज होऊ नये आणि पाय घसरू नये म्हणून. आत महादजींची शिबंदी होती आणि ती झोपेत सापडली. "अभेद्य" शब्द जपून वापरावा.

लष्करच्या_काकू

मी अभेद्य म्हटलंच नाही, वर जाऊन वाचा. आणि अर्धी गोष्ट सांगू नका. १७८३ मध्ये महादजींनी तो परत घेतला. १८५८ च्या जूनमध्ये तात्या टोपे, रावसाहेब आणि झाशीच्या राणीसाहेब ग्वाल्हेरात शिरले तेव्हा शिंद्यांची बरीचशी फौजच त्यांना मिळाली, किल्ला लढवायची वेळच आली नाही. पुढे इंग्रज तिथे ठाण मांडून बसले ते १८८६ पर्यंत. तेव्हा कुठे झाशी घेऊन त्यांनी किल्ला शिंद्यांना परत दिला. एका गडाच्या बदल्यात आख्खी झाशी! नुसता महाल असता तर कोणी केला असता हा सौदा?

पोहेजलेबी

काकू १, पुणे ०.

निमाडी_मिरची

आता जरा इकडे बघा. धागाकर्तीनं इंदूरहून काय बघू विचारलंय आणि तुम्ही चंबळेत पोचलात.

मी खंडव्याचा. माझ्या मते तुमच्या भावाला वेगवेगळे किल्ले दाखवूच नका. त्याला वाट दाखवा. सह्याद्रीत गड बघायची सवय असलेला माणूस इथे येऊन उंची मोजतो आणि नाक मुरडतो. इथल्या किल्ल्याचं काम वेगळं. खानदेशातून वर निघा. आधी तापी, मग सातपुडा, मग नर्मदा, मग विंध्याचा घाट, आणि मग माळवा. दक्खनेतून उत्तरेत जाणाऱ्या प्रत्येक फौजेला हे चार अडसर ओलांडावे लागायचे. ओलांडायच्या जागा मोजक्या. जिथे जागा, तिथे ठाणं.

सातपुड्यातली खिंड म्हणजे असीरगड. खंडव्याहून बुऱ्हाणपूरला जाताना, गावाच्या साधारण वीस किलोमीटर अलीकडे. आजची खंडवा-भुसावळ रेल्वेही त्याच फटीतून जाते, असीरगड रोड नावाचं स्टेशनच आहे. लोक त्याला दख्खनचा दरवाजा म्हणतात. सगळ्यात वर मुख्य असीरगड, खाली कमरगड, त्याखाली मलयगड, असे तीन थर. अकबर स्वतः येऊन बसला तरी वेढा महिनोन्‌महिने चालला. शेवटी खानदेशचा फारुकी सुलतान बहादूरखानाला बोलणीसाठी खाली बोलावून अडकवला, आत रोगराई पसरली, पैसाही चारला गेला, तेव्हा जानेवारी १६०१ मध्ये दार उघडलं. दुर्गवेडा, हा तुमच्या मोजमापात बसतो का बघा.

पश्चिमेला दुसरी वाट बिजासन घाटाची, आग्रा-मुंबई रस्त्यावर. तिच्या तोंडावर सेंधवा. तिथला किल्ला सपाटीवर आहे. कडा नाही, माची नाही, फोटोला काही नाही. पण १८१८ च्या मंदसौरच्या तहात इंग्रजांनी होळकरांकडून सेंधवा मागून घेतला. सपाटीवरचं हे ठाणं का मागितलं असेल? घाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात रस्ता.

दुर्गवेडा

असीरगड बसतो. तिथे गेलो नाहीये, पण यादीत आहे.

मोडीवाचक

निमाडी_मिरची यांच्या मुद्द्याला जोड देतो आणि थोडा विरोधही करतो.

वाटेवर ठाणं बांधलं म्हणजे वाट अडली, असं होत नाही. नोव्हेंबर १७२८. चिमाजीअप्पा फौज घेऊन नर्मदा उतरून आले. माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर धारच्या पश्चिमेला अमझेऱ्याला तळ ठोकून बसलेला. मराठे अमझेऱ्याजवळच्या घाटानंच वर येणार असा त्याचा हिशेब, म्हणून तिथली नाकेबंदी पक्की केली. अप्पा आले मांडूजवळच्या घाटानं आणि पाठीमागून तुटून पडले. २९ नोव्हेंबरला गिरधर बहादूर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर दोघंही पडले. माळवा मराठ्यांना खुला झाला तो तिथे.

आता बघा, या सगळ्यात मांडूचा एवढा मोठा किल्ला कुणाच्या कामी आला? कुणाच्याच नाही. तट होता, दरवाजे होते, घाटावर लक्ष ठेवायला माणूस नव्हता. म्हणून नुसतं "वाट दाखवा" म्हणून भागणार नाही, ती वाट राखणारं कोण होतं तेही सांगावं लागेल.

निमाडी_मिरची

हा विरोध कुठे झाला? ही तर माझीच गोष्ट पुढे नेलीत. मांडू घाटाच्या डोक्यावर आहे म्हणूनच तो घाट रिकामा ठेवणं गिरधर बहादूरला भोवलं.

मोडीवाचक

ठीक, अर्धा विरोध.

बडोद्याचा_बाळ्या

आमच्याकडे या कधीतरी. पिलाजीराव गायकवाडांनी आधी सोनगड धरला, डोंगरातला, आणि मग तिथून सुरतेच्या मुलखावर लक्ष ठेवलं. वाट आणि ठाणं, तेच गणित. डभोईला तर मराठे मराठ्यांशीच लढले, १ एप्रिल १७३१. बाजीरावांविरुद्ध सेनापती त्रिंबकराव दाभाडे, आणि त्यात दाभाडे पडले. डभोईच्या तटाचे दरवाजे अजून उभे आहेत. त्यातल्या हिरा भागोळ दरवाजावरचं कोरीवकाम बघताना ही लढाई कोणाला आठवत नाही, सगळे कारागिराच्या दंतकथेतच रमतात.

भियाजी

अवांतर: बडोद्याला गेलो की किल्ला राहतो बाजूला, शेव-उसळीत दिवस जातो.

बडोद्याचा_बाळ्या

इंदूरच्या माणसानं दुसऱ्याला खाण्यावरून बोलावं!

धारकर_मास्तर

मी धारचा, शाळेत इतिहास शिकवत असे, आता निवृत्त. मांडूला "फोटोची जागा" म्हटल्याबद्दल दोन शब्द.

सूनबाई, भावाला आधी धारला थांबवा. गावातच टेकडीवर किल्ला आहे, लाल दगडाचा, मामींनाही जमेल. आत खरबुजा महाल. राघोबादादांच्या पळापळीत आनंदीबाई पवारांच्या आश्रयाला इथे आल्या होत्या आणि १० जानेवारी १७७५ ला दुसरा बाजीराव याच किल्ल्यात जन्मला. शनिवारवाड्याचा शेवटचा पेशवा जन्मानं धारचा, हे पुणेकराला सांगा आणि चेहरा बघा. पुढे १८५७ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी याच किल्ल्याला वेढा घालून तोफा लावल्या.

मग मांडू. हल्लीचा डांबरी रस्ता आलमगीर दरवाजा, भंगी दरवाजा करत वर जातो, म्हणून लोक दिल्ली दरवाजा न बघताच जहाज महालावर आदळतात. गाडी थोडी लांब लावा आणि भावाला दिल्ली दरवाजाच्या चढावर पायी न्या. चढ आहे, वळणं आहेत, दोन्ही अंगांना भिंती आहेत. हत्ती धावत येऊन दारावर डोकं आपटू शकत नाही, कारण त्याला धावायला जागाच नाही. हे त्याला सांगावं लागणार नाही, गडवेड्या माणसाला पायालाच कळतं.

रूपमतीच्या महालात वरच्या छत्र्यांखाली सगळे उभे राहतात आणि गाणं म्हणतात. त्याला खाली न्या. खालचं जाड दगडी बांधकाम आधीचं, टेहळणीसाठी शिबंदी ठेवायला केलेलं. खाली पाण्याचं टाकंही आहे. छत्र्या मागून चढवल्या. तिथून दक्षिणेला पाहिलं की जमीन एकदम तुटते आणि खाली निमाड पसरलेलं. हवा स्वच्छ असेल तर नर्मदेची रेघ दिसते. मोडीवाचक म्हणतात तो घाट राखायला याहून चांगली जागा सापडणार नाही.

आणि पाणी. ग्वाल्हेरच्या ताईंना टोमणा नाही, पण जहाज महालाच्या गच्चीवर जाऊन बघा. दगडात वेटोळ्यासारखी नाली कोरलीय. गच्चीवर आलेलं पाणी त्या वेटोळ्यांतून फिरत फिरत जातं, वेग मरतो, गाळ खाली बसतो आणि मग ते हौदात पडतं. मुलांना त्यात कागदाचा तुकडा सोडून दाखवा, वाऱ्यानं का होईना, फिरतो.

लष्करच्या_काकू

मास्तर, टोमणा पोचला. नाली छान आहे. मान्य.

पोहेजलेबी

मास्तर, मांडूत खायचं काय ते पण सांगा. नुसत्या नालीवर पोट भरत नाही.

धारकर_मास्तर

दाल-पानिये. मक्याच्या पिठाचे, पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजलेले. वर तूप मागून घ्या, आपणहून कमी घालतात. आणि रस्त्यावर त्या फुगलेल्या बुंध्याच्या झाडांची फळं विकायला असतात, खुरासानी इमली. मुलं एक चाखतील, दुसरी मागणार नाहीत.

सातपुड्याची_लेक

असीरगडबद्दल थोडी धोक्याची सूचना. गाडी बरीच वर जाते, पुढे पायऱ्या. मामींना पायऱ्यांपाशी बसवून ठेवायची तयारी ठेवा आणि पाणी घरून न्या. वर गवत माजलेलं असतं, डिसेंबरात पिवळं पडून वाट तरी दिसते. मशिदीचे मिनार लांबून ओळखू येतात, ते धरून चाला.

आणि अश्वत्थामा. वर शिवमंदिर आहे, तिथे पहाटे पिंडीवर ताजं फूल असतं आणि ते अश्वत्थामा वाहून जातो, अशी आख्यायिका. आम्हाला जो वाटाड्या भेटला त्यानं किल्ल्यातला सगळा वेळ त्यातच घालवला. तटाबद्दल विचारलं तर म्हणाला, "तट है, वो रहा." तीन थर कुठे सुटे होतात ते आम्हीच शोधलं. खालचे दोन तट झाडीत हरवलेत, वरून वाकून बघितलं की मगच कळतं.

भियाजी

अश्वत्थामा मला पण भेटला होता. तेल मागत होता. सराफ्यात गराडू तळणाऱ्याकडे पाठवला.

मोडीवाचक

थट्टा राहू द्या, पण असीरगडावर मराठी माणसानं अश्वत्थाम्यापेक्षा आप्पासाहेब भोसल्यांना शोधावं. नागपूरचे भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले, डोंगरदऱ्यांतून फिरले आणि शेवटी असीरगडाच्या आसऱ्याला आले. किल्ला कागदोपत्री शिंद्यांचा, किल्लेदार जसवंतराव लाड. इंग्रजांना किल्ला हवाच होता, हे निमित्त मिळालं. मार्च १८१९ मध्ये वेढा पडला, वेढ्यात इंग्रजांच्याच दारूसाठ्याचा स्फोट होऊन त्यांचे बरेच शिपाई मेले, तरी ९ एप्रिलला किल्ला पडला. आप्पासाहेब तोवर हातातून सुटले होते. पुण्यात शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढलं ते १८१७ च्या नोव्हेंबरात. असीरगड त्यानंतर जवळजवळ दीड वर्षानं पडला.

दुर्गवेडा

हे मात्र आमच्याकडे कुणी सांगत नाही. आमचा इतिहास रायगड पडला की संपतो.

निमाडी_मिरची

म्हणून तर म्हणतो, वाट दाखवा. असीरगडहून परतताना सनावदहून आत रावेरखेडीला जा. नर्मदेचा उतार. २८ एप्रिल १७४० ला थोरले बाजीराव तिथे गेले, समाधी आहे, भोवती कोटासारखी भिंत. पेशवा नर्मदेच्या काठावर का गेला याचं उत्तर त्या जागेतच आहे. फौज नदी उतरायची तीच ही जागा.

सातपुड्याची_लेक

+१. मामी पण येतील, तिथे चढ नाही.

हिंगलाज_भक्त

सगळे दक्षिणेलाच का जाताय? भानपुऱ्याकडे हिंगलाजगड आहे, जंगलात. तिथलं परमारकालीन शिल्प बघून मान खाली घालावीशी वाटते, इतकं सुंदर. होळकरांनी तो किल्ला सांभाळला. आणि भानपुऱ्यातच यशवंतराव होळकरांनी तोफा ओतायचा कारखाना काढला, तिथेच १८११ मध्ये गेले. छत्री आहे.

रामबागची_सून

बाई गं, एवढे प्रतिसाद! घरी मोठ्यानं वाचून दाखवले, सासऱ्यांनी मध्येच नकाशा काढला.

हिंगलाज_भक्त, भानपुरा एका दिवसात जाऊन येण्यासारखं नाही ना?

हिंगलाज_भक्त

नाही. पण हिंगलाजगडच्या पुष्कळ मूर्ती इंदूरच्या केंद्रीय संग्रहालयात आणून ठेवल्यात. ज्या दिवशी मामी दमतील त्या दिवशी तिथे न्या. खुर्ची मिळेल, सावली मिळेल.

रामबागची_सून

झकास. मग असं ठरवते. शुक्रवारी पहाटे निघून असीरगड, मुक्काम बुऱ्हाणपूर. शनिवारी परतताना रावेरखेडी, तिथून महेश्वर, अहिल्याबाईंचा किल्ला आणि घाट, रात्री तिथेच. रविवारी नर्मदेकडून घाट चढून मांडू, म्हणजे चिमाजीअप्पांसारखं खालून वर, आणि परतताना धार. मामीला दुसऱ्या एखाद्या दिवशी संग्रहालय. मास्तर, चालेल का? रविवारी मांडूत गर्दी असते, पण इलाज नाही.

धारकर_मास्तर

चालेल. फक्त खालून वर येणार असाल तर क्रम उलटा होतो. आधी रूपमती, शेवटी दिल्ली दरवाजा. भावाला दरवाजाच्या बाहेर चालत न्या आणि मग वळून आत यायला लावा. उतरताना त्या चढाची खोच कळत नाही. आणि धारचा किल्ला संध्याकाळपर्यंत उरकेल अशा बेतानं निघा, नाहीतर दुसऱ्या बाजीरावाला बाहेरूनच नमस्कार.

मोडीवाचक

मांडू-धार करताना अमझेरा वाटेवर नाही, धारच्या पश्चिमेला आहे, हे लक्षात ठेवा. एक दिवस जास्त असता तर म्हटलं असतं जा. अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह यांना इंग्रजांनी फेब्रुवारी १८५८ मध्ये इंदूरलाच फाशी दिली.

दुर्गवेडा

ताई, तुमच्या भावाला माझा निरोप द्या, असीरगडच्या खालच्या दोन तटांचे फोटो हवेत. मिनाराचे नकोत, ते सगळीकडे आहेत. दोर न्या म्हणावं, झाडीत उतरावं लागेल.

लष्करच्या_काकू

दोरबिर काही नको, मुलं सोबत आहेत. आणि पुढच्या सुट्टीत ग्वाल्हेर. मी स्वतः हिंडवेन, शिवाय नरवर पण. सिंधकाठचा किल्ला, नळ-दमयंतीचा म्हणतात. तिथल्याच मानसिंहानं तात्या टोप्यांना दगा दिला आणि १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीत फाशी झाली. मुक्काम आमच्याकडे. वर दोन खोल्या रिकाम्या आहेत.

पोहेजलेबी

कोणीच विचारत नाही म्हणून मी विचारतो. बुऱ्हाणपूरच्या मुक्कामात खायचं काय?

निमाडी_मिरची

मावा जलेबी. काळी दिसते, घाबरू नका. आणि दराबा डब्यात बांधून घ्या, रविवारपर्यंत टिकतो.

पोहेजलेबी

रामबाग ताई, गाडीत एक जागा आहे का? किल्ल्यांची मला फार पूर्वीपासून आवड आहे.